एकत्र ताबा

"तुम्ही घरात आहात, की घराबाहेर?" नागरत्ना मॅडमनी कन्नडात विचारलं, आणि विजयेंद्र "बाहेर" म्हणून मोकळा झाला. हा काय प्रश्न झाला, असं त्याला वाटलं. बाहेर आहे म्हणून तर वकिलाच्या पायऱ्या चढून आलोय. पण मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "सार, हा शब्द फार महाग आहे. जरा बघून बोला." मग त्यांनी समजावून सांगितलं, भाजीवाल्यानं दोन ढिगांचे दोन भाव सांगावेत तसं. वडिलांच्या घरातला अर्धा हिस्सा मागायचा, वाटणीचा दावा लावायचा. दाव्यात 'मी अजून या घरातच आहे, भावाबरोबर माझाही एकत्र ताबा आहे, फक्त वाटणी करून द्या' असं लिहिलं तर कोर्ट फी दोनशे रुपये. 'मला बाहेर काढलंय' असं लिहिलं तर हिश्श्याची आजची बाजारातली किंमत धरायची आणि तिच्यावर फी मोजायची. आणि घर कृष्णमूर्तीपुरमात, शहराच्या ऐन मोक्यावर. "दोन लाखांच्या वर जाईल. तीही आधी भरायची, मग कोर्ट तुमच्या तोंडाकडे बघणार." विजयेंद्रनं विचारलं, "म्हणजे ज्याला बाहेर काढलं त्यालाच जास्त?" मॅडम म्हणाल्या, "हौदु, होय." आणि त्यात काही चुकतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. पाऊस वरून पडतो, तसं. "तुमचा पगार थोडा कमी असता तर सरकारी मदतीत बसला असता. तुम्ही बाई असता तरी बसला असता. तुम्ही दोन्हीत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "भाऊ नक्की काय बोलला ते घरी जाऊन आठवा. 'तुझा इथं काही संबंध नाही' असं तोंडानं बोलला असेल, तर तुम्ही बाहेर. तसं नसेल बोलला, तर कायद्याच्या डोळ्यांत तुम्ही आतच. एक भाऊ घरात राहिला म्हणजे दोघं राहिले. नीट आठवा. हे सगळं खरं आहे म्हणून खाली सही तुम्ही करणार. मी नाही."

कृष्णराज बुलेवार्डवरच्या झाडांखालून स्कूटर चालली होती, की झाडंच सावकाश मागं सरकत होती, त्याला कळत नव्हतं. ऊन पानांतून गळून रस्त्यावर डाग पाडत होतं आणि प्रत्येक डागावरून जाताना त्याला वाटायचं, आत. मग सावली. बाहेर. मग आत. लहानपणी थंडीत पांघरुणातून एक पाय बाहेर ठेवून झोपायची त्याची सवय. आई म्हणायची, विजू, तू झोपलायस का निघालायस रे? त्याला तेव्हाही उत्तर येत नसे. मागून बस हॉर्न देत होती, आणि तो अण्णाचं वाक्य आठवत होता. अण्णा म्हणजे पद्मनाभ, थोरला भाऊ. गेल्या वर्षी, हेब्बाळच्या फॅक्टरीतून शिफ्ट सुटल्यावर विजयेंद्र सहज तिकडं गेला होता. अंगणात दोन माणसं टेप धरून उभी होती. एकाच्या हातात टेपचं तोंड, दुसऱ्याच्या हातात डबी, आणि मधे ती पिवळी पट्टी बाबांच्या तुळशीच्या अंगावरून गेलेली. अण्णा दारात आला. लुंगी, उघडं अंग, खांद्यावर पंचा. "काय रे?" "काही नाही. सहज." "आत माणसं आहेत. पुढच्या वेळी फोन करून ये." अष्टेच. एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही, दारसुद्धा लावलं नाही. पण विजयेंद्र परत फिरला तेव्हा त्याला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला अख्खं उचलून रस्त्यावर ठेवलं. तेव्हापासून तो गेला नव्हता. वर्षभर त्यानं हे वाक्य एखाद्या गाठीसारखं जपलं होतं, रोज बोटानं चाचपून बघितलं होतं, आहे ना अजून. आणि आता मॅडम विचारत होत्या, ही गाठ आहे का नुसतं मांस आहे? फोन करून ये. म्हणजे नको येऊस? का म्हणजे ये? नीट ऐकलं तर त्यात 'ये' होतंच की. शेवटचाच शब्द 'ये'.

घर काही मोठं नव्हतं. बाबांनी, पांडुरंगरावांनी, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या नोकरीत बांधलेलं. आधी पुढच्या दोन खोल्या, मग पगार वाढला तशा मागं दोन. आई गेली, मग चार वर्षांपूर्वी बाबा गेले. दोघंच भाऊ. अण्णा लग्नानंतरही तिथंच राहिला, विजयेंद्र नमिताला घेऊन भाड्याच्या घरात आला, कारण खोल्या पुरत नव्हत्या आणि नमिता सांगलीची, तिला इथलं कन्नड मिसळलेलं मराठी समजेपर्यंत वर्ष गेलं. यात भांडण नव्हतं. मग घरपट्टी अण्णाच्या एकट्याच्या नावानं यायला लागली. मग टेप आली. बिल्डर पाडून वर तीन मजले चढवणार असं गल्लीत बोलतात. विजयेंद्रला घर नको होतं खरं तर. त्याला एवढंच हवं होतं की ते पाडायच्या, विकायच्या, काय करायच्या आधी कुणीतरी त्याला विचारावं, आणि अर्ध्याचं अर्धं म्हणून त्याच्यासमोर ठेवावं. अण्णा विचारत नव्हता. म्हणून कोर्टानं विचारावं. आणि कोर्ट म्हणत होतं, आधी तू कुठं उभा आहेस ते सांग, मग त्या जागेचं भाडं भर.

म्हणून त्यानं ठरवलं की आत राहायचं. ठरवलं असंही नाही, ते आपोआप व्हायला लागलं. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टचे खोके मोजताना तो मनातल्या मनात फाटकातून आत जायचा. चपला डावीकडं. हॉलमधल्या पंख्याचं रेग्युलेटर दोनावर ठेवलं की टकटक करतं, तीनवर गप्प बसतं, म्हणून तीनवर. मोझेइकच्या फरशीत खिडकीखाली एक तुकडा माशासारखा होता, त्यावर पाय न ठेवता पुढं जायचं. मग स्वयंपाकघर, तिथला सारूचा वास, रजनी वैनीच्या बांगड्या. वैनी त्याच्याकडे न बघता म्हणायची, भावजी, जरा तो डबा काढून द्या. तो काढून द्यायचा. इतकं सोपं. दुपारच्या वेळी मशीनचा आवाज लांब जायचा आणि तो मागच्या खोलीत आडवा व्हायचा, तिथल्या खिडकीतून शेजारच्या घरातली शिवणयंत्राची घरघर यायची, ते शेजारी तर कधीच घर विकून गेले होते, पण घरघर यायची. ताबा म्हणजे आणखी काय असतो? अण्णा तरी त्या घरात याच्याहून जास्त काय राहत असेल? तो बिचारा सकाळी आंघोळ करून बँकेत जातो, संध्याकाळी टीव्ही बघतो. त्याला तो मासा ठाऊक तरी असेल का? असे विचार करता करता विजयेंद्रला हसू यायचं, आणि समोरचा ड्रायव्हर म्हणायचा, "सार, खोके किती झाले?" तर त्याचा आकडा पार पुसलेला असायचा.

एका पहाटे तो उठला आणि सवयीनं डावीकडं वळला, आणि कपाटावर जाऊन आपटला. बाथरूम उजवीकडं होतं. डावीकडं होतं ते कृष्णमूर्तीपुरमात. नमिता उठून बसली. "अरे, काय चाललंय? झोपेत चालायला लागलास की काय?" तो कपाळ चोळत पलंगावर टेकला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, दोनशेचं आणि दोन लाखांचं. तिनं ऐकून घेतलं. केस बांधले. म्हणाली, "एवढं काय त्यात? लिही की आत आहे. बँकेत फॉर्म भरताना कायमचा पत्ता अजून तोच देतोस ना तू?" "देतो." "मग झालं." "पण मी आत नाहीये गं." "ते तुला माहीत आणि मला माहीत. कोर्टाला कशाला?" तो परत कपाळ चोळायला लागला. तिनं विचारलं, "विजय, खरं सांग. तुला हिस्सा हवाय, की अण्णांनी तुला हाकललं हे कुणीतरी न्यायाधीशानं मोठ्यानं वाचून दाखवायला हवंय?" त्यानं उशी सरळ केली. "कारण दुसरं हवं असेल ना," नमिता पांघरूण ओढत म्हणाली, "तर त्याला दोन लाख पडतात, आणि ते आपल्याकडं नाहीत. झोप आता."

मॅडमचा फोन आला. दावा टाइप करायला घ्यायचाय, काही गोष्टी विचारायच्यात. वेगळं रेशनकार्ड? ते आहे मॅडम, भाड्याच्या घरामुळं. चालेल, ते सगळ्यांचं असतं. घरात काही सामान? माझं कपाट आहे, पुस्तकं आहेत शाळेतली. छान. देव? देव तिकडंच आहेत, आम्ही वेगळे देव केले नाहीत. "फारच छान," मॅडम म्हणाल्या, आणि पलीकडं कळफलकाचा टकटक आवाज आला. "आणि वडिलांचं श्राद्ध? एकत्र ना?" विजयेंद्र त्या वेळी फॅक्टरीच्या गेटपाशी उभा होता. कंपनीच्या बसेस एकामागून एक वळत होत्या. तो म्हणाला, "अण्णाच करतो." आणि मॅडम पुढचं काही विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला.

कारण ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. त्यांच्यात रीत अशी की भाऊ एकत्र असले तर श्राद्ध थोरला करतो, एकच, सगळ्यांच्या वतीनं, धाकट्यानं नुसता थोरल्याच्या हाताला हात लावायचा. वाटण्या झाल्या, विभक्त झाले, की ज्यानं त्यानं आपलं वेगळं करायचं. आणि श्राद्धाला कुणी कुणाला बोलवत नाही. घरच्यांनी यायचंच असतं. गेल्या वर्षी टेपनंतर दोन आठवड्यांतच बाबांची तिथी होती. मार्गशीर्षातली दशमी. विजयेंद्र फोनची वाट बघत बसला. फोन करून ये, असं अण्णाच म्हणाला होता, मग आपण करायचा, का त्यानं करायला हवा? फोन आला नाही. दशमीला सकाळी तो नमितालाही न सांगता उठला, स्कूटर काढली आणि सोसल्याला, नदीकाठच्या मठात गेला. कृष्णमूर्तीपुरमाकडं वळायच्या ऐवजी नरसीपूरचा रस्ता धरला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण कुठंतरी चोरी करायला चाललोय. मठात एक म्हातारे पुरोहित होते. त्यांनी विचारलं, "एकत्र का विभक्त?" विजयेंद्र म्हणाला, "विभक्त." त्यांनी मान डोलावली, जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, हातावर काळे तीळ ठेवले. नदीकडून वारा येत होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं, अण्णाच्या हातामागून नाही. गोत्र, नाव, वसुरूप. पाणी बोटांवरून ओघळलं आणि त्याला एकदम जाणवलं की बाबा समोर बसलेत. वर्कशॉपचा निळा शर्ट, नखांत ग्रीस. आणि ते त्याच्याकडे बघतायत. घरात ते कायम अण्णाकडं बघत, काही आणायचं असलं, ठरवायचं असलं तर अण्णा. त्या दुपारी ते फक्त विजूच्या हातचं जेवले. परत येताना तो इतका हलका झाला होता की नरसीपूरच्या बस स्टँडवर उगाच थांबून त्यानं उसाचा रस घेतला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. हे त्याचं एकट्याचं होतं. बाबांकडून त्याला मिळालेली एवढी एकच गोष्ट, जिला वाटेकरी नव्हता.

आणि यंदाची दशमी आली तेव्हा दावा टाइप होऊन तयार होता. सोमवारी सही. मॅडम म्हणाल्या होत्या, "तिथी आहे ना? जाऊन या. जेवून या. बरंच." तो गेला. फोन न करता. फाटकाची कडी काढताना त्याला वाटलं आता काही तरी होईल, घर ओळखणार नाही. पण रजनी वैनी ओल्या साडीत लगबगीनं दारात आली, म्हणाली, "आलात भावजी? पाय धुवा आधी. आणि ते मागचं नळाचं पाणी घेऊ नका, गंजकं येतंय." बस. जणू वर्षभर तो बाजारात गेला होता. पंखा तीनवर होता. मासा जागेवर होता. तो मनात इतक्या वेळा इथं राहून गेला होता की आता खरं घरच जरा फिकट वाटत होतं, कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं. अण्णा पाटावर बसला होता, बोटात दर्भाचं पवित्रक. पाठीवरची हाडं वर आली होती. अण्णा म्हातारा होतोय हे मनातल्या घरात विजयेंद्रला कधी दिसलं नव्हतं.

"तम्म आले का? बरं झालं," पुरोहित म्हणाले. तम्म म्हणजे धाकटा. "एकत्रच ना, दरवर्षीसारखं?"

"हूं," अण्णा मागं न बघता म्हणाला. "ये रे. हात लाव."

विजयेंद्र त्याच्या मागं बसला. हात पुढं केला. अण्णाचा कोपर ओला आणि गार होता. आता फक्त स्पर्श करायचा. पुरोहितांनी पळी उचलली. आणि त्याला सोसल्याचा वारा लागला. गेल्या वर्षी एकाच दुपारी बाबा दोन घरी जेवले होते, आणि त्यातलं एक जेवण खोटं होतं. आज या हाताला हात लावला तर खोटं कुठलं ठरणार, हे उघड होतं.

"अण्णा, थांब. गेल्या वर्षी मी वेगळं केलं."

"काय वेगळं?"

"बाबांचं. सोसल्याला. विभक्त म्हणून सांगितलं तिथं."

अण्णा वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, त्याला नुसतं कळलं नव्हतं. "म्हणून आला नाहीस? अरे, पान मांडलं होतं तुझं. ब्राह्मण ताटकळले. शेवटी संकल्पात तुझं नाव घेतलं आणि उरकलं."

"माझं नाव घेतलंस?"

"मग कुणाचं घेणार?"

"फोन नाही केलास."

"बाबांच्या तिथीला फोन? तू काय पाहुणा आहेस?"

"तूच म्हणालास, फोन करून ये."

"अरे, ती माणसं होती तेव्हा घरात. त्यांच्यादेखत तुझ्याशी काय बोलणार होतो?"

"टेप कशाला लावत होते ती?"

अण्णानं ताम्हणातल्या पाण्याकडं बघितलं. आतून वैनीचा झारा वाजायचा थांबला. नाव घेतलं होतं हे खरं. टेप लावली होती हेही खरं. दोन्ही एकाच माणसानं, एकाच महिन्यात, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटलेलं दिसत नव्हतं.

"श्राद्धाचा काल टळतोय," पुरोहित हळूच म्हणाले.

"मग?" अण्णा म्हणाला. आवाज एकदम धाकटा झाला होता. "यंदा घेऊ तुझं नाव, का नको?"

घे म्हटलं की झालं. विजयेंद्रला दिसत होतं, किती सरळ होतं ते. अण्णाच्याच तोंडून, पुरोहितांसमोर, बाबांसमोर, तो आत. मॅडमच्या कागदावरचं वाक्य खरं, दोनशे रुपये, सोमवारी सही, कुणाला काही सांगायला नको. आणि त्याच नावानं अण्णावर दावा. उलट नको म्हटलं तर मॅडमना बाहेरच लिहावं लागणार, आणि तेवढी फी जमेपर्यंत ती टेपवाली माणसं थोडीच थांबणार होती. पंखा फिरत होता. त्याला झोप आल्यासारखं झालं, लहानपणी परीक्षेत व्हायचं तसं, उत्तर येत असताना. निळा शर्ट पुढ्यात बसला होता आणि या वेळी तो कुणाकडं बघत होता ते दिसत नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

अण्णा पुढं वळला. जानवं सरळ केलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि संकल्प म्हणायला लागला. खणखणीत म्हणत होता. गोत्र, बाबांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. मग जिथं धाकट्याचं नाव यायचं तिथं त्याची जीभ गेली, अडली, एक श्वासभर काहीच आलं नाही, पुरोहितांनी पुढचा शब्द सांगितला आणि अण्णा त्याच्यावर चढून पुढं गेला. विजयेंद्र उठून भिंतीशी उभा राहिला होता. स्वयंपाकघराच्या दारातून वैनीनं डोकं बाहेर काढलं, केळीची पानं हातात, आणि नुसत्या भुवयांनी विचारलं, किती मांडू? अण्णाची पाठ होती. तिनं भावजींकडं बघितलं. त्यानं हलवलेला हात तिला आधी कळलाच नाही. मग कळला. तिनं हातातलं वरचं पान काढून खाली ठेवलं, आणि ते वाळू नये म्हणून असेल, त्याच्यावर पाणी शिंपडलं.

बाहेर चपला तापल्या होत्या. फाटकाची कडी आतल्या बाजूला होती, बाबांनी तशीच बसवली होती. बाहेर उभं राहून ती लावायची तर वरून हात आत घालावा लागतो. विजयेंद्रनं काखेपर्यंत हात आत घातला, गाल लोखंडाला टेकवला, आणि न बघता बोटांनी चाचपत कडी लावायला लागला.